अर्ध्यावर थांबलेली चेन

"कुठे दुखतंय ग? सांग की. त्याशिवाय मला कसं कळणार?"

हा आवाज ऐकून कितीतरी वर्षं लोटली. आवाज चांगल्या माणसाचा होता, मायेचा होता. तरी अजूनही तो आठवला की माझी शिवण न् शिवण आवळते.

मित्रांनो, मी एक जुना ट्रायसूट आहे. गडद निळा, बिनबाह्यांचा, मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारा, पाठीवर लांब चेन असलेला. एकाच शर्यतीत आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि शेवटी धावत सुटायचं, तेही मध्ये कपडे न बदलता, अशा शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. त्या शर्यतीत अंगात घालतात तो मी. माझ्यासारख्याने पाण्यात पाणी व्हावं, वाऱ्यात वारा व्हावं आणि अंगावर असून अंगाला आठवू नये. एवढंच माझं काम.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कापडाच्या थरांवर एकच साचा ठेवला होता आणि पातं त्याच्या कडेकडेने सरसर फिरत गेलं. तो साचा पुरुषाच्या अंगाचा होता. शिलाई मशीनवरच्या बाईने मला हातात घेतलं, वर लावलेली चिठ्ठी वाचली आणि शेजारणीला म्हणाली, "हा एक पोरीसाठी आहे म्हणे. मग छाती काय घरी ठेवून यायची का तिने?"

"ऑर्डर एकाच मापाची आहे. तू आपली शिलाई ओढ," शेजारीण म्हणाली, आणि दोघी खुदकन हसल्या. हसण्यावारी गेलेली ती गोष्ट पुढे कुणाच्या तरी अंगावर उमटणार होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मी गेलो ते दोन बहिणींतल्या थोरलीकडे. सगळ्या मुलांच्या संघात ती एकटी मुलगी. संघाचा सूट मिळाला म्हणून ती इतकी हरखली की त्या दिवशी मला घालूनच जेवायला बसली. "आता झोपतेस पण यातच का?" आई म्हणाली. पहिल्या शर्यतीत आम्ही पदक आणलं. आईने ते माझ्याच हँगरला अडकवलं आणि घरात माझा तोरा वाढला.

पण सराव लांबत गेला तसा मी तिला लागू लागलो. काखेतली शिवण पोहताना घासायची. बसायच्या जागी माझ्यात एक पातळ गादी आहे. तीही पुरुषाच्या बैठकीची, म्हणून तिची कड सायकलवर नेमकी हाडाखाली यायची. धावायला लागेपर्यंत कातडी सोललेली असायची, वरून घामाचं मीठ. थोरली न्हाणीघराचं दार लावून दात आवळून पाणी घ्यायची. चार भिंती, एक ती आणि एक मी.

एकदा ती सरावातून मध्येच उतरली. प्रशिक्षक सर धावत आले. मुलं सायकली धरून भोवती जमली. सरांनी विचारलं, "कुठे दुखतंय ग? सांग की."

तिने एकेका तोंडाकडे पाहिलं. सांग, मी मनात म्हटलं, सांगून टाक. आणि ती म्हणाली, "गुडघा."

त्या एका शब्दाने तिच्या शर्यती कायमच्या संपल्या. मित्रांनो, त्या शब्दाला पुढे पाय फुटले. बाबांनी गरम पाण्याची पिशवी आणली. आईने तिचं जिना चढणं बंद केलं. काकू यायची ती मालिशचं तेल घेऊनच. थोरलीला अधूनमधून लंगडावंही लागायचं, आणि एकदा काकूने चष्मा वर करून विचारलं, "काय ग, परवा डावा होता ना?"

"दोन्ही आहेत काकू, आळीपाळीने," थोरली म्हणाली. सगळे हसले. कपाटात मी मात्र लोंबकळत राहिलो.

वर्षं गेली. धाकटी मोठी झाली. तिला पाण्याचं असं वेड, की थोरलीने तिचं नाव बेडकी ठेवलं. बेडकीनेही ट्रायथलॉन धरलं, आणि सूट घ्यायला गेली ती थोरलीला बरोबर घेऊन. घरी येऊन बेडकीने दुकानातला सगळा प्रकार आईला कपाटासमोर करून दाखवला. आरशात बघायच्या आधी ती म्हणे स्टुलावर पुढे वाकून बसली, हात पोहल्यासारखे फिरवले, जागच्या जागी धावली. दुकानवाली बाहेरून ओरडली, "अग, आत काय कुस्ती चालली आहे का?" एक काखेत काचला, तो परत. एक छातीला सैल, तो परत. शेवटी जांभळा सूट निवडला. बाईच्या मापाचा, रुंद गादीचा, पुढे चेन असलेला. "ताई, घातलाय असं वाटतच नाही!" बेडकी म्हणाली. थोरली तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत काय होतं ते मला कपाटातून ओळखता आलं.

महिनोन्महिने बेडकी त्या जांभळ्यातच घाम गाळत होती. मग शर्यत जवळ आली आणि आईने मला बाहेर काढलं.

"शर्यतीला हाच घालायचा. ताईचा आहे. पदक आणलंय याने. तिचं गुडघ्याने राहिलं, ते तू पुरं कर."

बेडकीने थोरलीकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "छान दिसेल तुला." आणि खिडकीकडे वळली.

मित्रांनो, ज्या सूटात सराव केला नाही तो शर्यतीला घालू नये, हे कुठलाही खेळाडू सांगेल. पण ताईच्या सूटाला नको कोण म्हणणार? बेडकीने मला घालून एक पूर्ण सराव केला. पोहली, सायकल हाणली, धावली. तीच काख, तीच गादी, तीच शिवण. घरी येऊन तिने न्हाणीघराचं दार लावलं आणि टॉवेलचं टोक दातांत धरलं.

"कसा झाला सराव?" आईने बाहेरून विचारलं.

"मस्त!"

मला उलटा करून दोरीवर वाळत घातलं होतं. संध्याकाळी कपडे काढायला थोरली आली. काखेच्या शिवणीवर तिला एक तपकिरी डाग दिसला. तिने त्यावर अंगठा घासला. डाग गेला नाही. ती तिथेच उभी राहिली, दोरीला धरून. आता बोलेल, मला वाटलं. आता हाक मारेल. तिने माझी घडी केली आणि पिशवीत ठेवली. पण माझ्याखाली तिने जांभळा सूटही ठेवला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

शर्यतीची सकाळ. तळ्याकाठी बायकांची कपडे बदलायची खोली. ओल्या फरशीवर चपलांचे आवाज, बाहेर भोंग्यावर सूचना. बेडकीने जखमांवर मलम थापलं, वर चिकटपट्ट्या लावल्या आणि श्वास रोखून मला वर ओढलं.

"ताई, चेन लाव ना. हात पोचत नाही."

थोरली मागे आली. चेन वर सरकू लागली. कमरेपासून पाठीपर्यंत आली आणि थांबली. काखेतल्या पट्टीचं टोक बाहेर डोकावत होतं.

"हे काय आहे?"

"काही नाही ग. घाम. ओढ ना लवकर."

"बेडके, हात वर कर."

"ताई, उशीर होतोय!"

भोंगा ओरडला. महिला स्पर्धकांनी पाण्याजवळ यावं, शेवटची सूचना. बाकीच्या जणी धडाधड बाहेर पडल्या. थोरलीची बोटं चेनवर होती. वर ओढली असती तर पुन्हा सगळं कुलूपबंद झालं असतं. मी माझे सगळे दात घट्ट धरून वाट पाहिली.

चेन खाली आली.

"काढ हा."

"आई बाहेर उभी आहे. तिला काय सांगू?"

"तू पोह. सांगायचं ते मी सांगते." तिने पिशवीतला जांभळा सूट बेडकीच्या हातात कोंबला. "पट्ट्या राहू दे. पळ!"

बेडकी पळाली. मी थोरलीच्या खांद्यावर पडलो, उलटापालटा. तिचं काळीज धाडधाड उडत होतं, थेट शर्यतीआधी उडायचं तसं.

मित्रांनो, माझ्यावर राग धरू नका. मी वाईट कापड नव्हतो, फक्त मी दुसऱ्याच्या मापाचा होतो. तुम्ही कपडा निवडाल तेव्हा आरशाला शेवटी विचारा, आधी अंगाला विचारा. बसून बघा, वाकून बघा, हात उचलून बघा. आणि टोचत असेल तर टोचतंय म्हणा, भोवती कुणीही उभं असलं तरी. कापड उसवून पुन्हा शिवता येतं. गेलेल्या शर्यती तशा शिवता येत नाहीत.

थोरली मला खांद्यावर घेऊन काठावर आली तोच शिट्टी वाजली. पाणी एकदम फेसाळलं. आईने गर्दीतून मान उंचावली, जांभळा रंग पाहिला आणि तिची मान आमच्याकडे वळली. खांद्यावर मी दिसलो.

"हा का नाही घातला तिने? काय झालं? आणि तू अशी ताटकळत उभी काय राहिलीस, त्या पायरीवर बस आधी. गुडघा धरेल ना तुझा."

थोरली बसली नाही. तिने मला खांद्यावरून काढलं आणि डागाची शिवण वर करून आईच्या हातात ठेवलं.

"आई, माझा गुडघा कधीच दुखला नव्हता. मला हा लागायचा."