दार लावता येईल असा दिवस

माझा आवाज मोठा आहे, आणि हे मी लाजून सांगत नाही. आमच्या म्लिनार फुटबॉल क्लबच्या बाकड्यांवरून एकवीस वर्षं ओरडतेय मी. रेफरीला आंधळा म्हणायचं, समोरच्या गोलकीपरला, म्हणजे गोलीला, चाळणी म्हणायचं. आठवडाभर बेकरीत गिऱ्हाइकांशी गोड बोलून जीव विटतो माझा. रविवारी तरी घसा मोकळा करू की नको?

त्या रविवारी नदीपलीकडच्या ब्रोदार क्लबशी सामना होता. त्यांचा गोली तिहोमिर, छत्तीस वर्षांचा, एक चेंडू आत जाऊ देईना. त्याचा बाप ओब्रेन दर सामन्याला गोलामागे घडीची खुर्ची टाकून बसायचा. त्या दिवशी तो दिसला नाही. मला आयतंच सापडलं. उभी राहून कोकलले, "काय रे तिहोमिर, बाप कुठाय तुझा? तुझा खेळ बघायची लाज वाटली वाटतं!"

आमची बाकडी खो खो हसली. पुढच्याच मिनिटाला एक साधा चेंडू त्याच्या हातून निसटून आत गेला. त्यानं हातमोजे काढून गवतावर टाकले आणि मैदानाबाहेर चालता झाला. आम्ही जिंकलो. मी घसा बसेपर्यंत नाचले.

सोमवारी बेकरीत एक बाई म्हणाली, "ओब्रेन बुधवारी गेला की. शुक्रवारी पुरला. त्याच्याचसाठी खेळायला उतरला होता पोरगा. आता खेळ सोडला म्हणतो."

मृत्यूची खबर देणारे कागद पलीकडच्या प्रत्येक खांबावर चिकटवले होते म्हणे. पण पलीकडचे कागद आम्ही कधी वाचतच नाही. त्यांचं कोण का मरेना, आम्हाला काय त्याचं! असंच आजवर वाटायचं. माझ्या हातातला पाव हातातच राहिला.

आमच्या चर्चच्या फादर गाव्रिलोंना सांगितलं. ते स्वतः म्लिनारचे, मला वाटलं पाठीशी घालतील. कसलं काय!

"मिलुंका, वैऱ्यावर प्रेम करा म्हणालाय ख्रिस्त. तुला एक गोली झेपेना?"

"मला ठाऊक नव्हतं हो, फादर."

"आणि ओब्रेन जिवंत असता, तर चाललं असतं?"



बुधवारी मित्रोव्हदान आला, तिहोमिरच्या घरच्या संताचा दिवस. या दिवसाचं आमंत्रण कुणाला नसतं. जो येईल तो पाहुणा, आणि आल्या पाहुण्याला परत पाठवायचं नाही, मग तो वैरी का असेना. मी म्हटलं, हीच वेळ. चांगला झगा घातला आणि पूल ओलांडला.

सुतकाचं घर, गाणंबजावणं नव्हतं. संताची मेणबत्ती जळत होती, दहाबारा माणसं खालमानेनं जेवत होती. मला बघून तिहोमिर पांढराफटक पडला. पण गोड शिजवलेल्या गव्हाची थाळी त्यानं माझ्यापुढे धरली. मी छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर खाल्लं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. निघताना तो दारापर्यंत आला. मी तोंड उघडणार, एवढ्यात म्हणाला, "मावशी, आज मला तुम्हाला हाकलता येत नाही. म्हणूनच आलात ना? हिंमत असेल तर उद्या या. उद्या मला दार लावता येईल."

पुलापर्यंत त्याच्या नावानं बोटं मोडली मी. मोठा आला शहाणा! पुलावर मात्र पाय जड झाले. खरंच बोलला होता तो. त्याला नाही म्हणताच येणार नाही, असा दिवस बघून मी माफी मागायला गेले होते. लबाडीच ती.

दुसऱ्या दिवशी बेकरी नवऱ्यावर सोपवून गेले.

"चुकले मी, तिहोमिर. आता हाकल."

त्यानं दार लावलं. माझ्या तोंडावर! समोरची शेजारीण खिडकीतून बघत होती. बघेना का, मी पायरीवर उभीच राहिले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिहोमिरच्या अंगात कोट होता.

"मला नका सांगू. बोललात बाबांना, तर त्यांनाच सांगा."

दफनभूमीत माती अजून ओली होती. त्यानं मेणबत्ती लावली. मी मान खाली घालून पुटपुटले.

"असं नाही ऐकू जायचं," तो म्हणाला. "शेवटी शेवटी बाबा ठार बहिरे झाले होते. रविवारी ओरडलात तसं सांगा."

"अरे, इथे?"

"का? घसा बसला?"

मग काय, ओरडले मी! "ओब्रेन! चुकले रे मी! तुझा पोरगा जिल्ह्यातला सगळ्यात भारी गोली आहे! म्लिनारची असून सांगतेय!"

दोन कबरींपलीकडच्या म्हातारीनं दचकून क्रूसाची खूण केली. तिहोमिरचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतोय. हसतच होता, पण गाल ओले होते. मलाही आवरेना.

"रविवारी उभा राहशील ना रे गोलात?"

"राहीन. तुम्ही या."

"येईन. पण ओरडणार नाही, शपथ."

"ओरडा की, मावशी," नाक पुसत तो म्हणाला. "त्या अख्ख्या मैदानात बाबांना तुमचाच तेवढा आवाज ऐकू यायचा."