देवलामामाची टोपी

आखाडा बाळापूरच्या देवलाला बैलानं शिंग मारलं, तेही भाचीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं असताना. डोक्याला चार टाके पडले. डॉक्टरनं बजावलं, "महिनाभर डोक्याला काही आवळून बांधायचं नाही, आणि उन्हात उघड्या डोक्यानं फिरायचं नाही."

म्हणजे फेटा गेला. देवला तोंड पाडून उकंडराव शिंप्याच्या दुकानात आला. "मामाच मांडवात बोडका उभा राहिला, तर नवरदेवाकडचे काय म्हणतील?"

उकंडरावाची बायको नानीबाई काजं करत बसली होती. तिनं पेटीतून एक पातळ कागद काढला. अकोल्याहून रिळं आली, तेव्हा खोक्यातल्या एका विलायती मासिकात घडी घातलेला तो सापडला होता. त्यावर टोपीचे तुकडे छापलेले, आणि कोपऱ्यात तीच रुंद काठाची टोपी घातलेली मडम.

"ही कुठंच आवळत न्हाई बघा, भाऊजी."

"मडमेची टोपी?" देवला दचकला.

"मडम थोडीच लग्नाला येऊन राहिली!"

उकंडरावानं जन्मभर बंड्या आणि अंगरखे बेतले होते, पण कागदावरून कधी नाही. त्यानं कागद कापडावर अंथरला, रेघेवरून कात्री फिरवली, टोपी शिवली आणि आधी स्वतःच्या डोक्यावर ठेवली. ती करवंटीसारखी टाळूवर बसली.

"छापणाऱ्यानंच चूक केली," तो चिडला.

नानीबाई कागद घेऊन दारात उजेडाला गेली. प्रत्येक तुकड्याला दोन रेघा होत्या. "अवो, ही आतली ठिपक्याठिपक्याची शिवणीची. कापायचं बाहेरच्या रेघेवर. तुमी आतलीवरच कापलं."

उकंडरावानं कात्री तिच्यापुढं सरकवली.

तिनं देवलाच्या पट्टीवरून अलगद सुतळी फिरवून माप घेतलं. मडमेचं डोकं तीन बोटं लहान निघालं. मग तिनं कागदाला चार जागी चीर दिली, तुकडे थोडे थोडे फाकवले आणि मधे कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. काठ ताठ राहावा म्हणून मांजरपाटाचे तीन थर कणकेच्या खळीनं एकमेकांवर चिकटवून माळवदावर वाळवले. त्यावर गोल गोल शिवण उकंडरावानंच मशीनवर घातली, जिभेचं टोक दातात धरून.

लग्न सेनगावला होतं; उकंडराव आणि नानीबाईही वऱ्हाडात होते. ऐन दुपारी मांडवात मामा टोपी घालून आला. नवरदेवाचा चुलता किसनराव मोठ्यानं म्हणाला, "व्याही, डोक्यावर सूप घेऊन काहून आले?"

सगळे हसले. देवलाचे कान लाल झाले. बायकांमधून नानीबाई उठली. "टाके हायेत त्यांच्या डोक्याला, म्हणून मी शिवली. हसणाऱ्यानं एकदा घालून उन्हातून फिरून यावं."

किसनरावाला माघार घेता येईना. त्यानं टोपी घातली आणि आडापर्यंत गेला. परत आला तो हळू चालत, काठाला हात लावून बघत.

"मानेलासुद्धा ऊन लागत न्हाई की!"

"द्या आता, मुहूर्त चालला," भटजी ओरडले.

किसनरावानं टोपी दोन्ही हातांनी काढली आणि मानाचा फेटा ठेवावा तशी देवलाच्या डोक्यावर ठेवली. अंतरपाटाआड नवरी खुदकन हसली. सकाळपासून ती मामाच्या काळजीनं रडत होती.

संध्याकाळी गाडी जुंपताना किसनराव दोन भावांना घेऊन आला. "उकंडराव, पेरणीआधी तीन टोप्या पायजेत."

"मला न्हाई, हिला विचारा," उकंडराव म्हणाला.

नानीबाईनं तिघांच्या डोक्यांकडे नीट पाहिलं. "तुमचं डोकं मोठं हाय, किसनभाऊ. कापड जास्तीचं आणा."