दुसरी सोलेदाद

टाचणी ओठांत धरली की धातूची थंड चव जिभेवर उतरते — आणि बोलता येत नाही, हे बरंच. शिडीवर उभा राहून एलादिओ मारियामातेच्या मूर्तीच्या चेहऱ्याभोवती पांढऱ्या लेसच्या चुण्या बसवत होता. खालून ओठांतली एकेक टाचणी त्याच्या हातात देण्याचं काम तीस वर्षं सोलेदादचं.

"सोले, एखादी गिळलीस तर शनिवारी मिरवणुकीत तुलाच उभी करीन. काळे कपडे तुझ्याकडे आहेतच."

ती हसली नाही. सकाळीच तिच्या लेकीनं, अराथेलीनं, बाळंतपणाच्या दवाखान्यातून फोन केला होता : पहिल्या मुलीला आजीचं नाव ही आपल्या घरची रीत, पण तुझ्या जावयाला ते उदास वाटतं, सोलेदाद म्हणजे 'एकटेपण', अशी कुणी लेकराला हाक मारतं का म्हणतो, तेव्हा आई, तू म्हणशील ते ठेवू. दुपारी नोंदणी आहे.

उदास... आहेच की. लहानपणी म्हातारे पाद्री मिरवणुकीच्या शनिवारचं प्रवचन निम्मं गाऊनच सांगत — क्रुसावर गेलेल्या लेकाला पुरून मारियामाता एकटी घरी वळली, तिथं त्यांचा आवाज फाटायचा आणि सारं चर्च मुसमुसायचं. मग राणीची गोष्ट : माद्रिदच्या राणीनं या एकट्या आईची मूर्ती घडवून घेतली, पण अंगावर घालायचं काय? तेव्हा राणीच्या एका विधवा सखीनं आपलेच शोकाचे कपडे काढून दिले. तेव्हापासून ही आई गावोगावी दुसरीच्या काळ्या कपड्यांत उभी राहिली, आणि तिच्या पायांशी आणलेल्या पोरी तिच्याच नावानं सोलेदाद झाल्या.

मीही दुसरीचंच घातलंय, तिच्या मनात आलं. पहिली सोलेदाद, माझी थोरली बहीण, सात महिन्यांची होऊन गेली. दीड वर्षानं मी आले, आणि आईनं तेच नाव माझ्यावर चढवलं. अंगणातून ती हाक मारायची, शेवटचा स्वर लांबवून, मी धावत जायचे — आणि ती क्षणभर अशी बघायची, जणू माझ्या मागून अजून कुणी यायचं आहे. जन्मभर वाटत आलं, हाक तिला होती. ओ मी दिली. हे आता त्या चार दिवसांच्या जिवाच्या गळ्यात घालायचं?

"अगं, टाचणी," एलादिओ म्हणाला. मग खाली वाकून, हळूच, "काय झालं?"

तिनं ओठांतली एक टाचणी काढून त्याच्या हातात दिली. ती त्या मधल्या दीड वर्षाचा विचार करत होती, जो तिनं कधी केलाच नव्हता — आई अंगणात, नाव तोंडात, आणि ओ द्यायला कुणी नाही... आणि मग कधीतरी तिनं ते उच्चारलं असेल आणि दारातून खरोखरच ओ आली असेल. त्या बघण्यात शोधणं होतं, की विश्वासच बसत नव्हता तिचा?

फोन वाजला. तिनं टाचण्या तळहातावर काढल्या.

"आई, कचेरी बंद होईल. काय लिहू?"

"तिच्या कानाशी धर फोन."

"अगं, तिला काय कळतंय—"

"धर गं."

पलीकडे सळसळ झाली, आणि मग एक इवलासा, घाईचा श्वास... तिनं ओठ उघडले. कुठलं नाव येणार, तिला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की आज हाक मारणारी ती स्वतः होती.