बसून लावायची पट्टी

देविदासची बायको सरस्वती गेली गुरुवारी. पण तिच्याबरोबर आणखी काय गेलं, ते त्याला कळलं चौदाव्या दिवशी, लातूरच्या दवाखान्यात.

तिला अधूनमधून चक्कर यायची. म्हणून डॉक्टरांनी तिच्या छातीवर हृदयाचे ठोके टिपणारी पट्टी चिकटवून दिली होती, सात दिवसांसाठी. पाचव्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या ती कलंडली ती उठलीच नाही. अंघोळ घालताना बायकांनी पट्टी काढून देविदासच्या हातात दिली. दिवसपाणी उरकल्यावर तो ती डबीत घालून निलंग्याहून एसटीनं घेऊन आला. शेवटच्या घटकेला तिच्या काळजाला काय झालं ते ह्यात उतरलं असणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तिथल्या वर्षाराणी मॅडमनं पट्टी यंत्राला जोडली आणि पडद्याकडे बघत बसली. ही पट्टी सरस्वतीला तिनंच लावली होती.

"काका, यात पहिल्या दिवसाचंच आहे. पुढं सगळं कोरं."

"कोरं म्हंजे?"

"कड सुटली. कातड्याला नीट टेकलीच नाही तर पट्टीला ठोके कसे कळणार?"

"पण पुढं चार दिस ती जिती होती की."

वर्षाराणीनं पट्टी यंत्रातून सोडवली.

निलंग्याच्या बसस्टँडसमोर देविदासचं रेडियमचं दुकान. तीस वर्षं तो मोटरसायकलच्या टाक्यांवर आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर नावं चिकटवत आलेला. चिकटवलेली वस्तू का सुटली, हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे. त्यानं पट्टी मागून घेतली आणि खिडकीपाशी जाऊन उलटी केली. वरची कड शाबूत होती. खालची दुमडली होती आणि तिच्या डिंकात ज्वारीचं पीठ बसलं होतं. त्या कडेवर दोन तांबड्या टिकल्या होत्या. सुटत चाललेली कड सरस्वतीनं आपल्या टिकल्यांनी धरून ठेवायला बघितली होती.

घरात चिकटवणारा माणूस असून तिनं त्याला सांगितलं नव्हतं. लग्नसराईचे दिवस, दुकानापुढे गाड्यांची रांग. सांगितलं असतं तरी आपण "थांब जरा" म्हणालो असतो, हे देविदासला ठाऊक होतं.

तो परत आत आला. "मॅडम, लावताना ती कशी होती? बसलेली का आडवी?"

"आडवी. टेबलावर झोपवूनच लावतो सगळ्यांना. सोयीचं पडतं."

"आडवं पडून भाकरी थापतात का हो?"

वर्षाराणीला हसू आलं आणि तिनं ते लगेच आवरलं. देविदास मात्र खरंच विचारत होता.

"टाकायच्या पट्ट्या आसल्या तर द्या," तो म्हणाला. तिनं मुदत संपलेल्या तीन काढून दिल्या.

निलंग्याला परतल्यावर त्यानं छातीवरचे केस काढले, आरशापुढे उभं राहून पेनानं छातीवर चौकोन आखले आणि दुकानात खाली बसून भाकरी थापल्यासारखे हात हलवून बघितले. वरचे चौकोन तसेच राहत होते. खालचे आखडत होते आणि तिथं बारीक घडी पडत होती. शेजारचा पंक्चरवाला मलप्पा दारात येऊन उभा राहिला.

"काय करून राहिलास रे? छातीवर सोंगट्यांचा पट मांडलास का?"

"हाव. बस, डाव टाकू."

मलप्पा बसला नाही, पण गेलाही नाही.

पहिली पट्टी देविदासनं दवाखान्यात लावतात तशी लावली: आडवं पडून, स्पिरिट पुसल्या पुसल्या, ओल्यावरच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कडेनं उचलली. दुसरी लावताना त्यानं स्पिरिट वाळू दिलं, मांडी घालून थोडा पुढं वाकला आणि वर तळहाताची ऊब देत दाबली. ती चार दिवस टिकली. तिसरी त्यानं न लावता ठेवून दिली.

तेवढ्यात जळकोटहून फोन आला. सरस्वतीची धाकटी बहीण जगदेवी हिलाही चक्कर यायला लागली होती आणि डॉक्टरांनी तीच पट्टी सांगितली होती. बहिणीच्या बाबतीत हुकलं ते हिच्या बाबतीत हुकायला नको, म्हणून देविदास तिच्याबरोबर लातूरला गेला. वर्षाराणीनं डॉक्टरांना विचारून घेतलं. जागा बदलायची नाही, बसवून लावायला हरकत नाही, असं ते म्हणाले.

देविदास पडद्याबाहेर उभा राहिला. "पुसलं का, मॅडम? लगेच लावू नका. पन्नास मोजा."

"मोजतेय, काका."

"जगदेवी, भाकरी थाप."

"पीठ कुठं हाय, दाजी?"

"नुसतीच थाप की."

"मी काय ट्रॅक्टर हाय का, एवढं बघून चिकटवायला?"

"ट्रॅक्टर बरा. गप उभा तरी ऱ्हातो. मॅडम, वाकलेल्यातच लावा. मधून कडेकडं दाबत जा, लई जोर न्हाई. मग हात तसाच ठेवून शंभर मोजा."

वर्षाराणी मोजत होती. मध्येच जगदेवी हळू आवाजात म्हणाली, "दाजी, अक्काला असं लावलं असतं तर?"

"तर ती वाचली असती, असं न्हाई. पण कळलं असतं."

रोज संध्याकाळी देविदास जळकोटला फोन करी. "कड कशी हाय?"

"आधी माणूस कसा हाय ते इचारा, दाजी."

पाचव्या दिवशी गोठ्याच्या उंबऱ्यावर जगदेवी चक्कर येऊन पडली आणि मिनिटभरानं उठून बसली. पट्टी घट्ट होती. सहाव्या दिवशी खालची कड उचलली, तशी ती लातूरला नेली.

पडद्यावर पाच दिवसांच्या ठोक्यांची रेघ पूर्ण उतरली होती. पाचव्या दिवशी दुपारी एका जागी ती सहा सेकंद सपाट होती. पेसमेकर बसवावा लागेल म्हणून डॉक्टरांनी तारीख दिली. जगदेवी तारीख पाठ करत बाहेर गेली. देविदास त्या सपाट तुकड्याकडे बघत राहिला.

"मॅडम, ही जागा मोठी करून दाखवता का?"

तिनं मोठी केली. त्यानं बोट न लावता, नाक काचेपाशी नेऊन ती बघितली.

आता वर्षाराणी बायकांना बसवूनच पट्टी लावते. सरस्वतीला नेमकं काय झालं, ते कळायचं राहिलं. पट्टीला सात दिवस टिकायचं असतं. सहाव्या दिवशी खालची कड का सुटते, ते देविदासला अजून सापडलेलं नाही.