ओळखीचा माणूस

जुन्या सोफ्यांना नवी कव्हरं घालून देणारी म्हणून धंदेवाल्यांच्या ग्रुपमधले लोक तिला सोफाताई म्हणायचे. हे नाव तिला मुळीच आवडायचं नाही. पण तिथे सगळ्यांना धंद्यावरूनच हाक मारत. विमा विकणारे अध्यक्ष, फोटोवाला, टाइल्सवाला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा बाथरूमवाला.

ती तिथे हौसेनं गेली नव्हती. चौकात फर्निचरचं तीन मजली दुकान निघालं आणि लोक जुने सोफे भंगारात देऊन नवे आणायला लागले. तिच्या दुकानात फोमच्या चवडी पडून होत्या. तिची थोरली जाऊ दिवसभर शिलाई मशीनसमोर हात बांधून बसायची. "घरी बसून कोण विचारतंय? चार लोकांत जा," असं जाऊच म्हणाली, म्हणून तिनं वर्षाची वर्गणी भरली.

दर आठवड्याला सकाळी सकाळी एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये ग्रुप भरायचा. गळ्यात नावाचा बिल्ला घालायचा, एक मिनिट उभं राहून आपला धंदा सांगायचा, घंटी वाजली की खाली बसायचं. मग खरी परीक्षा. प्रत्येकानं ग्रुपमधल्या कुणासाठी तरी एक गिऱ्हाईक आणायचं. नाही आणलं तर फळ्यावर नाव लाल अक्षरांत. "देणाऱ्यालाच मिळतं," असं अध्यक्ष प्रत्येक वेळी हात जोडून म्हणायचे आणि सगळे टाळ्या वाजवायचे. तीही वाजवायची.

तिचं नाव दोनदा लाल झालं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा बाथरूमवाला कानाशी येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या ओळखीत कुणी वयस्कर असेल ना? बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या बसवून देतो. एका दिवसाचं काम. तुमचंही नाव पुसलं जाईल."

तिला शाळेतल्या बाई आठवल्या. बाईंनी तिला शिकवलं होतं आणि तिनं दुकान काढल्यावर पहिलं कामही बाईंनीच दिलं होतं. आता सर, म्हणजे बाईंचे यजमान, काठी टेकत चालायचे. अंघोळीला बाईंना त्यांना धरावं लागायचं आणि त्याची सरांना लाज वाटायची. तिनं बाईंना फोन केला.

बाईंनी एकच विचारलं, "त्याचं काम तू स्वतः बघितलंयस?"

"हो बाई. आपलाच माणूस आहे."

बघितलं नव्हतं. त्याच्या मोबाइलवर फोटो तेवढे बघितले होते.

दांड्या बसल्या. तिचं नाव फळ्यावर हिरवं झालं. आणि एका दुपारी सर स्टुलावरून उठताना दांडीला धरून वर आले, तशी दांडी भिंतीतून उपटून त्यांच्या हातात आली. सर ओल्या फरशीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं.

ती दवाखान्यात धावली. बाई बाकावर ताठ बसल्या होत्या. ती "बाई, मी..." एवढंच म्हणाली.

"त्याला मी घरात घेतलं नव्हतं," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझ्या शब्दाला घेतलं होतं. आता जा."

ती गेली, पण घरी नाही. बाईंच्या शेजारणीकडून किल्ली घेऊन बाथरूममध्ये गेली. भिंतीत चार भोकं होती. तिनं फरशीवरचा स्क्रू उचलला. तो जेमतेम टाइल ओलांडेल एवढाच होता, विटेपर्यंत पोचलाच नव्हता. फोटोची चौकट टांगायला लागतो तसला. तिच्या डोक्यात सणक गेली. तिनं दांडी उचलली, काखेत मारली आणि बाहेर पडली.

बाथरूमवाल्याला तिनं कितीदा तरी फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग अध्यक्षांना लावला.

"फार वाईट झालं हो," अध्यक्ष म्हणाले. "पण त्या वयात माणसं पडतातच. तुम्ही दोघं बाहेर बसून मिटवा. ग्रुपमध्ये नको. आपण एक कुटुंब आहोत."

"कुटुंबातला माणूस फोन तरी उचलतो," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुढच्या सभेला ती दांडी घेऊन गेली. आणि योगायोग असा, की त्या दिवशी महिन्याचा विश्वासू सदस्य म्हणून कप मिळाला तो बाथरूमवाल्याला. सर्वात जास्त गिऱ्हाइकं त्याला आली होती. त्यात बाईंचं घरही धरलं होतं. तो कप छातीशी धरून फोटो काढून घेत होता. तिला बघून त्यानं हसून मानही डोलावली.

तिची पाळी आली. तिनं दांडी टेबलावर आदळली. पेले हिंदकळले.

"ही यांनी माझ्या बाईंच्या घरी बसवली. बाईंचे यजमान हिला धरून उठायला गेले आणि पडले. खुबा मोडलाय. हा स्क्रू बघा. याच्यावर कॅलेंडरसुद्धा टिकणार नाही."

"ताई, वजन जास्त पडलं असणार," बाथरूमवाला म्हणाला. "सगळा भार दांडीवर टाकायचा नसतो."

"मग दांडी कशाला असते? टॉवेल वाळत घालायला?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. ती थांबली नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, तेव्हा तिनं पुढे जाऊन घंटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"यांचं नाव कुणाकुणाला दिलंय, हात वर करा."

मग टाइल्सवाल्याचा हात वर गेला, फोटोवाल्याचा गेला, मागून आणखी बरेच गेले.

"देण्याआधी ज्यांनी काम बघितलं होतं, त्यांनीच हात वर ठेवा."

एकेक करत सगळे हात खाली आले. तिनं स्वतःचाही हात वर केला होता. तोही तिनं खाली घेतला.

"त्या सगळ्या घरांत म्हातारी माणसं या दांड्यांना धरून उठतायत. आत्ता फोन करा त्यांना. आत्ता!"

कुणी फोन काढला नाही. एकजण चमच्यानं चहा ढवळत राहिला. अध्यक्ष उभे राहिले. "ताई, तुमचं सभासदत्व आजपासून रद्द."

"तुम्ही काय रद्द करताय? मीच थुंकते त्याच्यावर," ती म्हणाली. बिल्ला ओढताना त्याची दोरी केसांत अडकली. ती तिनं केसांसकट तोडली.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत फोटोवाला मागून पळत आला. "ताई, बरोबर बोललात तुम्ही. माझ्या मावशीकडेपण त्यानंच—"

"आत तोंडात काय गुळणी धरली होती?"

तो खाली बघायला लागला.

"आणि इथे काय करताय मग? मावशीकडे जा!"

"तुम्ही येता का? मला त्यातलं काही कळत नाही."

त्यातलं तिलाही फारसं कळत नव्हतं. पण ती त्याच्या गाडीवर बसली. मावशी एकटी राहायची, डोळ्यांनी अधू होती. बाथरूममध्ये ती रोज त्याच दांडीला धरून पाट शोधायची. सोफाताईनं दोन्ही हातांनी एक हिसका दिला. दांडी टाइलच्या तुकड्यासकट बाहेर आली. फोटोवाला पांढराफटक पडला. मग मात्र त्यानं तिथेच उभं राहून टाइल्सवाल्याला फोन लावला, टाइल्सवाल्यानं आणखी कुणाला. संध्याकाळपर्यंत गावभर दांड्या उपटल्या जात होत्या.

जावेनं सगळं ऐकून घेतलं. "थोडक्यात काय," ती दोरा दातानं तोडत म्हणाली, "मेल्यानं दांडी बसवली नाही, मारली." एरवी सोफाताई हसली असती.

दोन दिवसांनी बाथरूमवाला दुकानात आला. ग्रुपनं त्याला काढलं नव्हतं, पण नावं देणं बंद केलं होतं. "तुम्ही माझा धंदा बसवलात," तो ओरडला.

"दांड्याही अशाच पक्क्या बसवल्या असत्या तर ही वेळ आली नसती," ती म्हणाली.

"माफी हवी का तुम्हाला? घ्या, मागतो."

"माझी कसली मागतोस? दवाखाना माहीत आहे ना? तिथे जाऊन माग."

तो गेला नाही. हे तिला नंतर बाईंकडूनच कळलं. तो गेला असता तरी तिचा राग निवला असता असं नाही. रात्रंदिवस तो राग तिच्या छातीत भट्टीसारखा होता. त्यातला निम्मा बाथरूमवाल्यावर होता आणि उरलेला फळ्यावरच्या लाल अक्षरांना घाबरलेल्या सोफाताईवर.

सर घरी यायच्या आत तिनं एक म्हातारा गवंडी शोधला, आधी त्याचं काम दोन घरी जाऊन ओढून पाहिलं आणि मग त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी दार उघडलं, पाणी विचारलं नाही. काम संपेपर्यंत ती बाथरूमच्या दारात उभी राहिली.

घरी आल्यावर सरांना खाली वाकून बसता येत नव्हतं. तिनं त्यांच्या जुन्या खुर्चीसाठी उंच, घट्ट बैठक बनवली आणि नेऊन बसवली. सर पलंगावरून म्हणाले, "छान झालीये गं." ते उठायला लागले, तसा बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी तिला बसू दे."

ती बसली. हातांवर जोर देऊन उठली.

"अंग टाकून बस. सर बसतील तशी."

ती धप्पकन बसली. खुर्ची करकरली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि बाईंसमोर आपल्याला रडू येईल याचाही तिला संताप येत होता.

"परत," बाई म्हणाल्या.

ती उठली आणि परत बसली.