शेवटचा सामना राहिलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे. मला टेपरेकॉर्डरमध्ये घालून ऐकाल तर कानांत बोटं घालाल, कारण माझ्यातून नुसती किंचाळी ऐकू येते. त्या काळच्या छोट्या कॉम्प्युटरला मात्र ती नीट समजायची. पाच मिनिटं त्याने ती कान देऊन ऐकली, की टीव्हीच्या पडद्यावर फुटबॉलचा संघ उभा राहायचा. संघ म्हणजे फक्त अकरा नावं. या खेळात चेंडू लाथाडायचा नसतो. आपण मॅनेजर व्हायचं, कोण खेळणार ते ठरवायचं आणि निकालाची वाट बघत बसायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या हजारो जणी पट्ट्यावरून पुढे सरकत होत्या, त्यामुळे त्याचं मला फारसं कौतुक नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या घरी. त्यांनी कुणाचा तरी मोडका कॉम्प्युटर आणून चालू केला होता, त्याच्यासोबत मीही आले. माझी फीत सैल पडली की काकांची मुलगी माझ्यात पेन्सिल घालून मला गरागरा फिरवायची, म्हणून तिचं नाव पडलं फिरकी. लोकांची फिरकी घेण्यातही ती पटाईत होती. शेजारच्या घरात हवामान कचेरीतले एक कारकून राहायचे. त्यांची मुलगी शाळा सुटली की दप्तरासकट थेट इकडे यायची. ती आमची मॅनेजर.

मी किंचाळायला लागले की घर चिडीचूप. कुणी जोरात पाऊल टाकलं तर वायर हलायची आणि सगळं मुसळ केरात. काकूसुद्धा हातातलं भांडं हातातच धरून उभ्या राहायच्या.

खेळ इंग्रजीत होता आणि दोघींचं इंग्रजी बेताचं. शब्द अडला की शब्दकोश उघडायचा. प्रत्येक सामन्यानंतर पडद्यावर विचारणा व्हायची, ट्रान्सफर करायची का? शब्दकोशात अर्थ निघाला, बदली. झालं! मॅनेजरच्या वडिलांची दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची आणि तिची ही चौथी शाळा होती.

"आपल्या संघात कुणाची बदली नाही म्हणजे नाही," तिने जाहीर केलं.

'नाही'चं बटण तिने इतक्या वेळा दाबलं की त्यावरचं अक्षर पुसून गेलं. हंगामामागून हंगाम गेले, नवे खेळाडू आलेच नाहीत, जुने म्हातारे होत गेले, गोलकीपर छत्तिशीला टेकला आणि संघ सपाटून मार खाऊ लागला. असाच एक हंगाम संपला तेव्हा पडद्यावर 'सॅक' असा काहीतरी शब्द आला. शब्दकोश म्हणाला, पोतं. बक्षिसाचं पोतं मिळणार म्हणून दोघी नाचायला लागल्या. काका आत डोकावले आणि पोट धरून हसले.

"अगं वेड्यांनो, तुम्हाला कामावरून काढलंय!"

दोघींनी तो निकाल मानलाच नाही. माझ्यात जपून ठेवलेला हंगाम पुन्हा चढवला आणि नव्याने सुरुवात केली. बदली अर्थातच कुणाची केली नाही.

या खेपेला संघ कसाबसा तग धरून होता. एकच सामना उरला होता. तो जिंकला असता तर मॅनेजरची खुर्ची वाचली असती. त्याच आठवड्यात हवामान कचेरीतून कागद आला. तिच्या वडिलांची बदली झाली होती आणि आठ दिवसांत निघायचं होतं. खऱ्या बदलीच्या वेळी मात्र तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

निघायच्या दिवशी बाहेर टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा मॅनेजर येऊन कॉम्प्युटरसमोर बसली. फिरकीने तिला तो सामना खेळू दिला नाही. हंगाम होता तसा माझ्यात उतरवला आणि मला तिच्या हातात कोंबलं.

"ही तू घेऊन जा."

"अगं, माझ्याकडे कुठे कॉम्प्युटर आहे?" मॅनेजर म्हणाली.

"माहितेय. तो इथेच राहणार. म्हणजे सामना खेळायला तुला परत यावंच लागेल."

"आणि तोवर तू काय खेळणार?"

"मी? मला कुठे फुटबॉल आवडतो!"

मॅनेजरला रडू फुटलं. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे आणखी तीन गावं झाली. सुरुवातीला दोघींची पत्रं यायची-जायची, मग ती वाढदिवसापुरती उरली, मग तीही थांबली. भांडण नाही, तंटा नाही, नुसतंच राहून गेलं.

आता मॅनेजरचे केस पिकले आहेत. मला ती फार जपते. कापसाने पुसते, उन्हात ठेवत नाही, लोहचुंबक तर माझ्या आसपास येऊ देत नाही. परवा तिच्या भाचीने मला कपाटातून बाहेर काढलं आणि सगळी हकिगत ऐकून घेतली.

"मावशी, मग ती फिरकी आता कुठे असते गं?"

"तिथेच. काकांचं दुकान तीच चालवते म्हणे. तो कॉम्प्युटरही ठेवलाय अजून."

"आणि तू एकदाही गेली नाहीस?"

"जायचंय गं. जरा सवड मिळू दे."

एवढं बोलून तिने मला पुसलं आणि पुन्हा डबीत ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायचं असतं. मी तसं सांगणार नाही, कारण मला जपण्यात मॅनेजरने काडीचीही कसर ठेवलेली नाही. पण फितीवरचं सगळं हळूहळू पुसट होत जातं, आणि ते कापसाने थांबत नाही. तुमच्या घरात कुणी दिलेली अशी एखादी वस्तू असेल, तर ती कशासाठी दिली होती तेवढं आठवून बघा. मला फिरकीने ठेवायला दिलं नव्हतं. परत आणायला दिलं होतं.