हात मांडीखाली

मित्रांनो, मी एक जुने, बुटके स्टूल आहे. बुटके म्हणून हसू नका. सुताराने मला मुद्दामच तसे केले. शर्ट शिवण्याच्या या कारखान्यात नवे माणूस खुर्चीवर बसे आणि शिकवणारे माझ्यावर. शिकवणाऱ्याची नजर सुईच्या पातळीला राहावी, एवढाच हेतू.

माझे सुखाचे दिवस म्हणजे काकूंचे दिवस. कॉलर लावण्यात काकूंचा हात धरणारे कुणी नव्हते. पण नव्या माणसाशेजारी बसल्या, की त्या स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून घेत.

"काय हो काकू, थंडी वाजते का?" बायका चिडवत.

"थंडी कसली! हे मेले मोकळे सोडले तर तिचं काम हिसकावून घेतील. मग ती शिकणार कधी?"

समोरचा टाका वाकडा जाऊ लागला, की ते हात माझ्या फळीवर नुसते वळवळत. ते मलाच कळे. तोंडाने मात्र काकू शांतपणे म्हणत, "उसव. पुन्हा घाल. मी आहे इथे."

एकदा एक बाई कामाला लागली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. महिन्याभरात कॉलर जमली नाही तर घरी बसा, असे तिला बजावले होते. सगळे तिला 'नवी' म्हणू लागले आणि ते नाव चिकटले ते चिकटलेच. तिच्या कॉलरचे एक टोक चोचीसारखे, तर दुसरे बोथट येई. काकू रोज दुपारी तिच्याजवळ बसल्या. एके दिवशी दोन्ही टोके सारखी आली आणि नवीला रडूच कोसळले. काकूंनी हात मांडीखालून काढून तिच्या पाठीवर ठेवले. लाकूड असूनही मी त्या दिवशी फार आनंदले.

मग नवे साहेब आले. भिंतीवर टीव्हीचा पडदा लागला आणि कॉलर कशी लावायची ते त्यावर दिसू लागले. पडद्याला काही विचारता येत नाही. मला साहेबांनी केबिनमध्ये नेले. ज्याची कानउघाडणी करायची, त्याला माझ्यावर बसवत. बुटक्या आसनावरून माणसाला मान वर करूनच बोलावे लागते. 'बसा जरा' हे शब्द ऐकले की बायका दारातच थबकू लागल्या.

एके दिवशी काकूंनाच बोलावणे आले.

"बसा जरा. काकू, तुमच्या स्वतःच्या कॉलरी फार कमी निघतात."

"साहेब, मी ज्यांना शिकवलं त्यांच्या निघतात की!"

"त्या त्यांच्या नावावर लागतात."

काकू सवयीने हात मांडीखाली घेऊन बसल्या होत्या. ते हात गार पडले होते. दुसऱ्या दिवसापासून काकू आल्या नाहीत.

नवी आता त्या रांगेची प्रमुख आहे. केबिनमध्ये गुबगुबीत खुर्च्या आल्या, म्हणून मी पुन्हा तिच्या मशीनपाशी आले. माझ्यावर कापलेल्या कॉलरींचा गठ्ठा असतो. परवा एक नवखी बाई आली. "ताई, जरा बघता का? टोक बोथट येतंय."

"आण इकडे! वेळ नाही मला." नवीने कापड ओढून घेतले आणि झटक्यात कॉलर लावून दिली. टोके सुरेख आली. नवखी काहीच शिकली नाही.

काल मात्र नवीने गठ्ठा उचलला, मला नवखीच्या शेजारी ओढले आणि बसायला वाकली. माझा जीव फळीत गोळा झाला. तेवढ्यात केबिनच्या काचेतून साहेबांनी इकडे पाहिले. नवीने गठ्ठा पुन्हा माझ्यावर ठेवला. संध्याकाळी तिनेच नवखीला सांगितले, "कॉलर जमत नाही. उद्यापासून येऊ नका." नवखीने ॲप्रन खुंटीला अडकवला आणि ती गेली. नवीने मान वर केली नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, खिळे ठोका, असे मी म्हणत नाही. उद्या तुम्ही कामात तरबेज व्हाल आणि तुमच्या शेजारी कुणीतरी चुकत असेल. तेव्हा तुम्ही बसाल का? हात मांडीखाली घ्याल का? मला तर आता तशी आशा वाटत नाही. माझ्या फळीवर दोन तळहातांच्या जागा अजून गुळगुळीत आहेत. गठ्ठा काकूंपेक्षा कितीतरी हलका आहे, पण तो मला पेलत नाही.